आप्पांवरचा राग

कोरेगाव, रविवार संध्याकाळ

माझीच लाज वाटतेय. सासरे, म्हणजे आप्पा, गेल्यापासून फौजेतून रजेवर आलेले दीर गप्पच. जेवताना मी म्हणून गेले, "भाऊजी, तुमच्या मनात आप्पांवरचा राग दडलाय."

"न्हाई वैनी."

"नाकारताय, म्हणजे आहेच."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "व्हय म्हटलं तरी राग, न्हाई म्हटलं तरी राग. मग तुमचं चुकायचं कवा?"

मी मानसशास्त्र शिकवते. जे चुकूच शकत नाही ते विज्ञान नव्हे, हे दरवर्षी वर्गात सांगते. आणि घरी? तो खाली ठेवलेला घास डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतर अंगणात जाऊन माफी मागितली. विचारलं, "काय होतंय?"

"आठवण येती. बोलाय गेलं की रडू फुटतं."

एवढंच. आधी विचारलंच नव्हतं मी.