थुंकलेल्या वाईनची कैफियत

दाभोळ, २२ फेब्रुवारी १९८४

ती. येसूअक्का,

आत्मारामाचा दुरूनच दंडवत. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. इकडे आंब्याला मोहर चांगला आहे. विमलाही बरी आहे, माझ्याशी बोलत नाही एवढंच.

तुझं पत्र पोचलं. ‘दारुडा’ हा शब्द तू तीनदा लिहिलास आणि तिसऱ्यांदा खाली रेघ ओढलीस. मी माफी मागणार नाही, हे आधीच सांगतो. काय घडलं ते ऐक आणि मग हवी तर आणखी एक रेघ ओढ.

बावीस वर्षं मी बोटीवर साहेबलोकांच्या टेबलावर वाईन वाढली (माडी नव्हे अक्का, द्राक्षाची). कप्तान आधी मला चाखायला लावायचा आणि मगच स्वतःचा ग्लास भरून घ्यायचा. रंग उजेडात बघायचा, ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं, घोट जिभेवर घोळवायचा आणि थुंकायचा. गिळत बसलं तर तिसऱ्या बाटलीला लाल कुठली नि पांढरी कुठली हे नाक सांगत नाही, आणि चौथीला नाक कुठे आहे हेच सांगता येत नाही. ही विद्या माझ्याबरोबर जाऊ नये म्हणून मी पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी सकाळी भागोजी मानकरी आणि गंगाराम मास्तरांना ओटीवर बोलावलं. बाबांची पितळी पिकदाणी चिंचेने घासून मध्ये ठेवली. पांढरीबरोबर तळलेली सुरमई, लालबरोबर कोंबडीची सागोती (विमला तेव्हा बोलत होती).

लाल बाटली कप्तानाने दिलेली, एका रजेत घरी आणून अकरा वर्षं भाताच्या कणगीत पुरून जपलेली. बूच निघालं, ओटीभर वास सुटला आणि मला अगदी भरून आलं. तेवढ्यात भागोजीने ती माझ्या हातातून काढून घेतली. “आदी राखनदाराचा मान, मंग आपला,” म्हणाला आणि अंगणाच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली, राखणदाराच्या दगडापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालू लागला. गाऱ्हाणं लांबलं तशी धारही लांबली. मुंबईतल्या एकेका चाकरमान्याचं नाव घेऊन तो ओतत होता. तुझ्या नातवाचंही घेतलं. बाटलीत तीन बोटं उरली. (राखणदाराने न बघता, न हुंगता एका दमात घेतली. त्याला कोणी काही बोललं नाही.)

उरलेली मी तिघांत वाटली. बघितली, फिरवली, हुंगली, घोळवली. आधी करवंद लागलं, मग पावसाने भिजलेला कातळ. डोळे मिटून पिकदाणीत थुंकलो. गंगाराम मास्तर थुंकायच्या बेतात होते, पण त्यांनी भागोजीचं तोंड बघितलं आणि मुकाट गिळलं.

“आत्माराम, राखनदाराचा परसाद थुकलास?”

पिणं हा गुन्हा नाही, हे ध्यानात घे. संध्याकाळी गावात कोण काय पितो ते मला ठाऊक आहे. गुन्हा थुंकण्याचा. परवा देवळात बैठक भरली आणि ठरलं, की राखणदाराला दुसरी बाटली द्यायची आणि त्यातला प्रसाद मी सगळ्यांसमोर गिळायचा. नाहीतर शिमग्याला पालखी आपल्या अंगणात टेकणार नाही. आजोबांपासून टेकते ती पालखी, अक्का. तू दरवर्षी तिची ओटी भरायला येतेस. तरी मी उभा राहून सांगितलं, चाखणारा गिळत नाही, पालखी खुशाल दुसऱ्या वाटेने न्या. विमलाचा अबोला तेव्हापासूनचा.

सारा गाव एका बाजूला झाला तरी मी हटणार नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा न वाकणारा भाऊ,
आत्माराम

ता. क. बोटीवर चढायच्या दिवशी, धक्क्यावर, तू माझा हात तुझ्या डोक्यावर ठेवून घेतलास आणि दारूचा थेंब घशाखाली उतरवणार नाही अशी शपथ घ्यायला लावलीस. घशाखाली, हा तुझाच शब्द. जिभेचं तू काही बोलली नव्हतीस, त्यावर मी बावीस वर्षं नोकरी केली. हे बैठकीत सांगितलं नाही, विमलालाही नाही. बहिणीची शपथ चव्हाट्यावर मांडायची नसते. एका कार्डावर ‘सुटली’ एवढं लिहून पाठव. एकाच घोटापुरतं.

आणखी ता. क. कार्ड नको, तार कर. भागोजीला कालच हो म्हटलंय आणि पांढरीचं बूच काढून ठेवलंय. उघडी वाईन फार तर तीन दिवस थांबते. मी बावीस वर्षं थांबलोय.