आजीची खोली

सोमवार, २ मार्च
जावयाने, ब्रेटने, माझी किटली फेकली. गळते म्हणे. तीस वर्षं गळत होती, कुणी बुडालं नाही. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर.

तर आले मी लीअ‍ॅनकडे कायमची. पोरीने छान स्वागत केलं, भाजलेलं कोकरू, वर पुदिन्याची चटणी. घर उजेडाचं आहे. मागच्या अंगणात लिंबू आणि कपडे वाळत घालायचा फिरता खांब. मला शिवणाच्या खोलीत टाकलंय, व्यायामाच्या सायकलशेजारी. पण अंगणात माझ्यासाठी वेगळी खोली बांधायची ठरलीय. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कागदात तिला ‘आजीची खोली’च म्हणतात. माझं दार, माझी किल्ली. ब्रेटचे क्रिकेटवरचे विचार बाहेर.

शुक्रवार, ६ मार्च
परवानगीचा अर्ज भरला. नकाशा मीच काढला, पट्टी घेऊन, खांबामागे चार मीटर बाय तीन. ब्रेट म्हणाला, नकाशात नवं बांधकाम लाल रंगवायचं असतं. मी म्हटलं, मी बालवाडीत नाही. काळ्या पेनाने खोली ठसठशीत काढली आणि अर्ज पाठवला. शाळा सहावीत सुटली म्हणून रेघ मारता येत नाही असं थोडंच आहे.

मंगळवार, २४ मार्च
नामंजूर! कारण काय, तर अंगणात आजीची खोली आधीच आहे आणि एका जागेवर एकच चालते.

तळपायाची आग मस्तकात गेली. बस पकडून कौन्सिलच्या खिडकीशी गेले. तिथल्या टॅम्सिन नावाच्या पोरीने मला सावकाश समजावलं, जशी मी बहिरी. काळं म्हणजे आहे ते. लाल म्हणजे नवं. तुटक रेघ म्हणजे पाडायचं ते. मी काळ्याने काढली, म्हणजे आहे. मी म्हटलं, खोड ते. ती म्हणाली, शिक्का बसल्यावर खोडता येत नाही. निरीक्षक येऊन बघेल.

सोमवार, ३० मार्च
सकाळी अकराला निरीक्षक आला. ऑग्डेन, भला थोरला माणूस. खांबापलीकडे नुसतं गवत. तिथे तो थांबला, बूट पुसले, टोपी काढली आणि दाराची चौकट बुटकी असावी तसा वाकून पुढे झाला.

दहा मिनिटं गवतात उभा राहून मान डोलावत होता. मग पुन्हा वाकून बाहेर आला. म्हणाला, खोली भक्कम आहे, आजीबाईंनी लख्ख ठेवलीय.

मिशीला केकचा चुरा होता. या घरात आज ओव्हन पेटलेला नाही.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्याने टोपी घातली. मग म्हणाला, “खोलीतल्या आजीबाई म्हणाल्याच होत्या, घरातली बाई आरडाओरडा करेल म्हणून.”

गुरुवार, २ एप्रिल
लीअ‍ॅन जेवणाचं ताट घेऊन अंगणात गेली, रिकामं घेऊन आली. कुणाला दिलंस, विचारलं. आईला, म्हणाली, तिला उन्हात बसून खायला आवडतं.

मी समोर उभी होते.

मग मी कोण, असं विचारलं. ती हसली. पाहुण्यांशी हसतात तसं. ही पोर मी अठरा तास कळा देऊन काढलीय, आणि ती मला चहात साखर किती विचारते.

मंगळवार, ७ एप्रिल
फाटकावर पिवळी नोटीस. शिवणाची खोली पाडणार. हरकत असेल तर चौदा दिवसांत कळवावी. नकाशात माझी खोली तुटक रेघांची. अर्जदार: कॉरल पॅस्को.

कॉरल पॅस्को मी आहे.

अक्षरही माझंच. फक्त जिथे रंगवायचं तिथे अंगणातल्या हिने नीट रंगवलंय.

सोमवार, १३ एप्रिल
हरकत लिहून पाठवली, दोन पानं, शिव्यांसकट. उत्तर आलं. श्रीमती पॅस्को यांनी हरकत मागे घेतली आहे, सोबत सही. माझी सही.

शनिवार, १८ एप्रिल
भिंतीतून ऊन येतंय. भोकं नाहीत. भिंत थोडी आहे, मग नाही, मग आहे, मग नाही — वीतभर भिंत, वीतभर अंगण. मधून ती दिसते. पाठमोरी. कपडे वाळत घालतेय, माझा निळा गाऊन —

रविवार
ब्रेट सायकल घेऊन गेला. माझ्या अंगावरून हात नेऊन. सॉरीसुद्धा नाही — आधी निदान भांडायचा तरी.

सोमवार
हात बघितला. बोट आहे, नाही, आहे — पेन धरता येतंय अजून. राग आहे तोवर —

मंगळवार
दारात आलेत. ऑग्डेन, ब्रेट, लीअ‍ॅन. ती पण, लीअ‍ॅनच्या खांद्यावर हात ठेवून. ऑग्डेन विचारतोय, पाडायच्या आधी आत कुणी राहतं का. ब्रेट तोंड उघडतोय — तू गप. ती बया पण गप. लीअ‍ॅन, इकडे बघ, माझ्याकडे. उत्तर तूच द्यायचंस. तूच सांग त्याला, तुझी आई को—