गजगणित, एकमेव प्रत

१२ ऑगस्ट २००३
मिल बंद होऊन आज दोन वर्षं. मी बेकार नाही. मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणाऱ्या माणसाला विचार करायला सवड मिळाली आहे, इतकंच.
बायकोच्या, म्हणजे शुभदाच्या, शाळेत कॉम्प्युटर टीचर पाहिजे. तिनं मला न विचारता मुख्याध्यापिका मनोरमाबाईंकडे माझं नाव टाकलं. दसरा झाला की डेमो. तिच्या एकटीच्या पगारात भागत नाही म्हणे. देईन डेमो. शाळेवर उपकार.
प्लॅन: मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी. घालून मशीन सुरू केलं की गणिताची फुकट सॉफ्टवेअर हजर, हार्डडिस्कला हात लागत नाही. पण सातशे एमबीचा उकिरडा. त्यातलं निवडक गणित घेऊन खिशात मावेल अशी छोटी सीडी करायची. पंधरा दिवस पुरे.

२ सप्टेंबर
पंधरा दिवस पुरले नाहीत. दोष लाइटचा. फायली बांधायला घेतल्या की जाते. राज्य चालवणाऱ्यांना साधी बेरीज येत नाही.
नाव ठरलं: गजगणित. शुभदा म्हणाली, हलकं हलकं म्हणता आणि नाव हत्तीचं? गजानन या नावाचा गज तिला बावीस वर्षांत दिसला नाही.
सगळे गेम काढले.

११ सप्टेंबर
श्रीराम टपकला. मिलमध्ये लूम दुरुस्त करायचा, आता सियागंज बाजारात पंप खोलतो. तासभर स्क्रीनकडे बघत बसला. विचारतो, भिया, ये कर्व खुद बनाता है क्या? अशांना काय सांगणार? तरी सांगितलं. हेही सांगितलं की ओपन सोर्स म्हणजे कुणीही कॉपी करावी, वाटावी, त्यातच मोठेपणा.
जाताना म्हणाला, पुरानी वाली सीडी काम की नहीं हो तो मैं ले जाऊं? मी म्हटलं, ने, चहाचा कप ठेवायला होईल. त्यानं ती रुमालात गुंडाळून नेली. प्रसाद नेल्यासारखी.

२१ सप्टेंबर
मदतीची पानं काढली. ज्याला मदत लागते त्यानं गणिताच्या वाटेला जाऊ नये. आता फक्त एकशे ऐंशी एमबी. आज एकदाची सीडी बर्न झाली आणि पहिल्या फटक्यात चालली. वर मार्करनं लिहिलं: गजगणित, निर्माता ग. वि. साठे. अक्षर सुरेख आलं.
श्रीराम म्हणाला, भिया, एक कॉपी करून ठेवा. माझंच मला ऐकवतो! उद्या हाच सियागंजात विकत बसेल. मास्टर एकच राहील. हार्डडिस्क भरली होती म्हणून कामाचं फोल्डरही उडवलं. आता जगात एकच प्रत.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
शुभदानं शिलाई मशीन, विळी, मिक्सर, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. सीडीही मागितली. साफ नाही म्हटलं. गणित करणाऱ्याच्या घरात हा बावळटपणा चालायचा नाही. बरं, म्हणाली. श्रीराम पाने-पकडींची पूजा करून पेढे घेऊन आला. त्याच्या कपाळावरही टिळा. हसू आवरलं नाही.

त्याच दिवशी, दुपारी
शुभदा तुकोगंजला बहिणीकडे गेली आहे. घरात कुणी नाही.
मिलमध्ये आज सगळे लूम थांबायचे. टाइम ऑफिसच्या घड्याळाला कुंकू मी लावायचो. एकोणीस वर्षं. विसाव्या वर्षी म्हटलं, काय हा अडाणीपणा, आणि लावलं नाही. पुढच्या ऑगस्टात मिल बंद. योगायोग.
तरी एक टिपका लावून ठेवला. श्रद्धा नाही, प्रथा. नाव पुसू नये म्हणून मागच्या चकचकीत बाजूला, मधल्या भोकापाशी. ओलं हळदकुंकू, वर दोन अक्षता. अक्षता नंतर काढल्या. एवढ्यानं गणिताला काय होतंय?

७ ऑक्टोबर
शाळेत डेमो. सीडी घातली. खरखर झाली. थांबली. तीनदा तसंच. श्रीराम शाळेचा इन्व्हर्टर बघायला आलेला, तोही बघ्यांत उभा होता. त्यानं सीडी काढून उलटी धरली. वाचायच्या बाजूवर लाल-पिवळं. रुमालानं पुसलं तर आणखी पसरलं.
मनोरमाबाईंनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, घरच्या बायकांना कळत नाही हो.
शुभदा मागच्या बाकावर बसली होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, हो, मीच लावलं, चुकलं माझं.
मग श्रीरामनं पिशवीतून जुनी सीडी काढली. उकिरडा. गेमसकट, मदतीच्या पानांसकट. दोन मिनिटांत सुरू झाली. ती पानं वाचून तो महिनाभर सायबर कॅफेत शिकत होता म्हणे. मुलींनी त्याच्याकडून धडाधड वक्र काढून घेतले. सोमवारपासून तोच शिकवणार आहे. मला म्हणाला, भिया, सब आपका ही सिखाया हुआ है. खरंच वाटत होतं त्याला तसं.
घरी येताना मला लाज वाटत होती.
आत्ता देवापाशी गेलो होतो. कुंकवाच्या करंड्याच्या झाकणावर माझ्या बोटाचा लाल ठसा आहे. शनिवारपासून ती रोज सकाळी तो करंडा उघडते.