दीड मीटर बर्फ

क्रॉयडन, मंगळवार, नोव्हेंबर २००६

डोकं उठलंय. उत्तरेच्या गोठणाऱ्या समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्म उभा करायचाय, आणि त्याच्या पायांवर आदळणारा बर्फ म्हणे दीड मीटर जाड. सगळ्या कॅल्क्युलेशन्समध्ये हाच आकडा. अरे, बर्फाचे थर एकमेकांवर चढतात, त्यांचा ढीग पाण्याखाली दोन-तीन मजले खोल जातो. तो कुठे धरलाय?

सकाळी बॉसला, ग्रॅहमला, विचारलं. "क्लायंटचा आकडा आहे," म्हणाला. क्लायंटला फोन केला, तर ते म्हणतात, तुमच्याच रिपोर्टमधून घेतलाय. दोघंही निवांत. मी एकटीच वेड्यासारखी फाइली उपसतेय, कारण शुक्रवारी ड्रॉइंग प्लॅटफॉर्म बांधणाऱ्या यार्डला जाणार आणि त्यावर तपासणाऱ्याची सही माझी.

दीड मीटर, दीड मीटर. आला कुठून हा?

साडेपाचला सापडला. मार्चमधलं अगदी पहिलं पान, पेन्सिलनं लिहिलेलं. अक्षर माझंच. शेजारी मार्जिनमध्ये, स्वतःसाठी नेहमी खरडते तसं, मराठीत: "हा आकडा अंदाजे टाकलाय. ढिगाची खोली कळली की बदलणे."

आठ महिने ते पान ऑफिसभर फिरलं. चौघांनी त्यावर सह्या केल्या, ग्रॅहमनंसुद्धा. हे काय लिहिलंय, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही? पण मला तरी कुठे आठवलं?

उद्या ते पान ग्रॅहमसमोर ठेवायचंय. आता तो विचारेलच. आणि माझीच ओळ मला त्याला इंग्रजीत वाचून दाखवावी लागेल.