हिरवी वायर

प्रिय अंगद,

न्हाई. तू जबाबावर सही करायची न्हाई. काल 'माझ्याच हातची वायर होती, वैशे, आता खतम कर' म्हणून फोन ठेवलास. त्यानंतर चार वेळा लावला, उचलला न्हाईस. कावून एवढी घाई तुला गुन्हेगार व्हायची? दुपारी दोनला पोलीस ठाण्यात तुझा जबाब हाय, म्हणून मी चौसाळ्याहून सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले, बीडला गाडी बदलली, शिरूरला उतरून तुझ्या दारात आले, तर तू मेंढरं घेऊन गेलेला. रतनकाकूंनी पाणी दिलं, ओट्यावर चटई टाकली. 'बस लेकी, बारापतोर येतोय त्यो' म्हणाल्या. लेकी म्हणाल्या मला. तोंडानं सांगायचं म्हणून आलते, पण तू समोर आल्यावर ते निघायचं न्हाई तोंडातून. म्हणून वहीची पानं फाडून लिहायले.

माऊलीला जाऊन आज एकवीस दिवस झाले. एकवीस दिवस गाव एकच गोष्ट बोलायलंय : जनरेटरपासून स्टेजपर्यंत वायर अंगदनं ओढली, मधला जॉइंट जुना होता, नुसती टेप गुंडाळलेली, तिथूनच करंट उतरला, सख्ख्या भावानं भाऊ घालवला. अन् तू ते ऐकून मान हलवायलास. काकू, तुझी सख्खी आई असून, तुझ्याशी बोलत न्हाईत, हे मला आज कळलं. ताट वाढतात अन् आत जातात, असं त्यांनीच सांगितलं, भिंतीकडं बघून. 'थोरला हाय, त्याच्या भरवशावर धाकट्याला धाडला हुता' म्हणाल्या. तू मला हे फोनवर एकदाबी बोलला न्हाईस.

तुला तो पहिला दिवस आठवतो का? तू कॉलेजच्या गॅदरिंगमधला उसना बेस गिटार घेऊन आमच्या दुकानात आलतास, मागं माऊली, काखेत लग्नातला बँजो. बटणं दाबून तारा छेडायचा तो बँजो, टेम्पोवर बसून वाजवायचा, ज्याला शहरातले गिटारवाले हसतात. माझा बाप जळलेल्या मोटारीत नवी तार भरत बसलेला. त्याच्याच सोल्डरनं मी माझा पहिला डिले पेडल, वाजवलेला सूर जरा थांबून परत ऐकवणारा डबा, जोडलता. जुन्या पद्धतीचा. ह्याच्या आत आवाज बादलीतून बादलीत ओतल्यागत पुढं सरकतो अन् दर वेळी थोडा सांडतो. मोबाइलमधला डिले वाजवलेलं जसंच्या तसं परत देतो. ह्याच्यातून सूर परत येताना मळून येतो, दुसऱ्यांदा जास्त, तिसऱ्यांदा तर गोधडीखालून आल्यागत. माऊलीनं एकदा ऐकलं अन् बटण पार शेवटाला नेलं. डबा हंबरायलाच लागला. बाप ओरडला, तू कानावर हात ठेवलास, अन् हा नाचायला लागला, 'सुटलं गं ताई, सुटलं! धर त्याचं शिंग!' मग बटण केसभर मागं घेऊन त्यानं तो हंबरडा वळवला. मेंढा वळवतात तसा, हळूच, मानेला हात लावून. तीन वर्षं मी सिंथच्या कीबोर्डवर बसले, पण तसं मला एकदाबी जमलं न्हाई.

तुझ्या बेसला फझ, आवाज खरखरीत करायचा डबा, लावला तेव्हा तू म्हणलास, 'हे काय बे, ट्रॅक्टर चिखलात फसल्यागत वाजायलंय.' अन् मग तो ट्रॅक्टर सहा महिने बंद केला न्हाईस. माऊली तुला ड्रायव्हर म्हणायचा. आपल्याला कुणी बोलवत नव्हतं, बोलवलं की वऱ्हाडी म्हणायचे, ते नेहमीचं वाजवा की. तू नेहमीचं सुरू करायचास, माऊली त्यात डिले सोडायचा, अन् हळदीच्या साडीतल्या म्हाताऱ्या थांबून बघायच्या, आवाज कुठून यायलाय म्हणून. लई चांगले दिवस होते ते. मी ते लिहायले कारण तू आज ठाण्यात गेल्यावर तुला तेवढंबी आठवायची इच्छा उरणार न्हाई.

काकू बाहेर आल्यात्या. 'काय लिहायलीस गं एवढं? अंगदच्या नोकरीचा अर्ज का?' मी हो म्हणलं. 'चांगल्या अक्षरात लिही' म्हणाल्या अन् शेळीला पाला टाकायला गेल्या.

आता त्या दिवसाचं. तुला म्हाईत हाय तेवढं आधी. लग्न दुपारचं. मंडपात दोन मशिनी : आपला अ‍ॅम्प एका बाजूला, माइक दुसऱ्या मशिनीवर, जनरेटरवाल्याच्या. तू वायर ओढून वर नवरदेवाकडच्यांशी वाद घालायला गेलतास, वाजवायचं किती वेळ त्याच्यावरून. अन् इकडं भुणभुण सुरू झाली. पेडल जोडले की ती येतेच, दोन मशिनींची अर्थिंग दोन ठिकाणी जमिनीला लागली की अजून वाढती, आपण तिच्यासोबत जगायला शिकलो होतो. पण त्या दिवशी ती एवढी होती की भटजी मंत्र थांबवून बघायले. मंडपातून एक मामा ओरडला, 'ओ बाई, ते मच्छर मारा आधी!' पोरं हसली. माऊली माझ्याकडं बघून म्हणाला, 'ताई, भुंगा शिरलाय ह्यात. काढ की त्याला, तुझ्याशिवाय कुणाचं ऐकतंय त्ये.' मी खाली वाकले. दोन मिनिटांत भुणभुण गेली. अशी गेली की मंडपच शांत झाल्यागत वाटला. माऊलीनं अंगठा वर केला. तू परत आलास तेव्हा विचारलंसबी, कसं काय गेलं? मी म्हणले, जादू.

पहिलं वाजवून झालं. दुसऱ्याच्या आधी त्यानं तुझं नाव पुकारायला माइक धरला. डावा हात तारांवर होता, त्या दाबून गप करायची त्याची सवय. मला वाटलं नाटक करायलाय. तो खाली पडल्यावरबी तेच वाटलं. कारण डिले वाजतच होता, त्याची शेवटची छेड परत येत होती, मळत मळत, अन् लोक टाळ्या वाजवत होते. तूच पहिला धावलास. मी धावले न्हाई, अंगद. मी अ‍ॅम्पकडं बघत होते.

मी मोटार भरणाऱ्याची लेक हाय. दर उन्हाळ्यात बापानं माझ्याकडून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी ओतून घेतलंय, अन् दर वेळी तेच बोललाय : फेज चुकला तर मोटार जळती, अर्थ चुकली तर माणूस. त्या दिवशी मी खाली वाकून अ‍ॅम्पचा प्लग काढला, स्क्रू खोलले, अर्थिंगची हिरवी वायर सोडवली, तिच्या टोकाला टेप लावून आत दाबली अन् झाकण बसवलं. भुणभुण मारायला. कितीतरी वाजवणारे असं करतात, मीबी त्याआधी दोनदा केलतं, काही झालं न्हाई म्हणून माज आलता. अ‍ॅम्पमधून आतल्या आत करंट गळत होता. ती वायर असती तर तो करंट जमिनीत गेला असता. न्हाई म्हणून तो केबलीतून पेडलला, पेडलातून तारांना, अन् तिथं त्याचा डावा हात, उजव्यात दुसऱ्या मशिनीतून जमिनीला लागलेला माइक. पण हेबी पत्राचं खरं कारण न्हाई. खरं हे हाय की तुम्ही त्याला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं तेव्हा मी सामान बघते म्हणून मागं राहिले, अन् हिरवी वायर परत जागेवर कसली. पंचनाम्यात प्लग उघडला, अर्थ बरोबर, असं लिहिलं, मग सगळ्यांचं बोट तुझ्या जॉइंटकडं गेलं. मी तुझा जॉइंट त्याच दिवशी दाबून बघितलाय. घट्ट होता, टेप सुकी होती. एकवीस दिवस मला म्हाईत होतं अन् एकवीस दिवस मी तुला फोनवर धीर देत होते. मी आता तुझ्या आधी ठाण्यात जायले, हेच सगळं सांगायला. बापाला अजून बोलले न्हाई, तिथून फोन करीन. अन् काकूंना बोलायचं माझ्याच्यानं झालं न्हाई. चहा दिला त्यांनी, मी पिला. हे त्यांना तू वाचून दाखव, वगळू नको काही. त्या आतून विचारायल्यात, पिठलं टाकू का भाजी. पानं चटईखाली ठेवायले. मागं येऊ नको.

तुझी कोण, ते आता तूच ठरव,
वैष्णवी