बाटलीवरचा नंबर

मालवण, बुधवार, १२ मार्च २०२५

चि. विनीत यास आनंदीमावशीचे आशीर्वाद.

परवा, सोमवार १० मार्चला, दुपारी बारा चाळीसला माझ्या गोळ्यांच्या तक्रारीला तुझ्या सहीचं उत्तर हाती पडलं. ‘सदर उत्पादनाचा परवाना वैध असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ औषध खात्यातले म्हणाले, हे अन्न आहे, अन्न खात्याकडे जा. तिथे तू परवाना पाहून फाइल मिटवलीस. गोळी कुणीच पाहिली नाही. आणखी एक मावशीची तक्रार, असं म्हणून हसलाही असशील.

बाकी ठीक. आंबा बरा धरलाय. तुझ्या रियाची दहावी कशी चाललीय?

तक्रारीत मी रुग्णाचं नाव लिहिलं नव्हतं. बाई आपल्याच वाडीतली. वजन उतरावं म्हणून कोकमाच्या अर्काच्या गोळ्या घ्यायची. एका गोळीत किती कोकमांचा अर्क, ते बाटलीवर नाही. जन्मभर सोलकढी प्यायलेली, कोकमाला काय भ्यायचं, म्हणून दर जेवणाला एकाच्या जागी तीन. डोळे पिवळे झाले तेव्हा मी बाटली हिसकावून घेतली. तर मलाच म्हणाली, “बाटलेर नंबर आसा गो. आमच्या विनीतान बघल्याशिवाय नंबर गावता व्हय?”

परवान्याच्या त्या नंबराला ती तुझी सही समजत होती. शेजारच्या सारिकालाही तिने तेच सांगून गोळ्या सुरू करून दिल्या. सारिका अजून घेते. माझं ऐकत नाही. विनीतच्या आईपेक्षा मला जास्त कळतं का, म्हणते.

हो, तुझी आई. रियाची परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही, अशी रुक्मिणीने शपथ घातली होती. ती मी आज मोडली. फोनवर तुला सर्दी झाल्याचं सांगते, ते गोव्याच्या हॉस्पिटलातल्या खाटेवरून. यकृत गेलंय. दुसरं बसवण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले.

शुद्धीवर असली की तू तो नंबर बघितला होतास ना, एवढंच विचारते, “विनीतान बघललो मगो?” मी उशी सारखी करते. उत्तर माझं नाही.

कॉन्व्हेंटात आम्हाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवलं होतं. तसंच लिही: ती गोळी मी तपासली नव्हती, कुणीही घेऊ नये. खाली सही कर. सारिकाला तुझीच सही लागते.

हे पत्र वाडीतला दत्ताराम गाडीने आणतोय. लेखी उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं, आणि ते घेऊन तू स्वतः हॉस्पिटलात ये. शनिवारचं डॉक्टर काही बोलत नाहीत.

तुझ्या आईच्या उशाशी परत निघालेली,
आनंदीमावशी