येऊरच्या बंगल्यातली मंगळागौर

येऊर टेकडी, ठाणे
१० जुलै १९५१

ति. सरोजताईस,
नीलाचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझी बहीण अजून हरवलेली नाही! लग्नाला महिना झाला, तरी या बंगल्यात स्वयंपाकघर सापडेना झालं की मी आपली बायजाला हाक मारते. ती इथली सगळ्यांत जुनी कामवाली.

यांच्या आजोबांनी, म्हणजे थोरल्या जहागीरदारांनी, इटलीत डोंगरउतारावर एक हवेली पाहिली आणि परत येऊन ती आठवेल तशी कागदावर काढली. बांधली मात्र कल्याणच्या गवंड्यांनी. त्यामुळे समोरून कमानी, गोल खांब, संगमरवरी जिना. मागे वळलं की कौलं, पडवी, तुळशीवृंदावन. पुढून साहेब, मागून सोवळं! मधोमध नाचाचा दिवाणखाना, दोन मजले उंच. साहेबलोक तिथे नाचायचे आणि घरातल्या बायका वरच्या सज्ज्यात, लाकडी जाळीआड बसून बघायच्या. सासूबाई लहानपणीच लग्न होऊन इथे आल्या. खाली दिवाणखान्यात पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांच्या मामंजींची, म्हणजे याच आजोबांची ताकीद. मामंजी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आता उतरा असं कुणी म्हणालंच नाही, आणि त्याही उतरल्या नाहीत.

काळजी एकच. यांच्या थोरल्या भावाला, दौलतभावजींना, बंगला पाडून टेकडी खडीच्या खाणीला द्यायची आहे. यांना इथे मुलींची शाळा हवी. घर सासूबाईंच्या नावावर, आणि त्या दोघांचंही ऐकून घेतात नि सुपारी कातरत बसतात. मी काय करू? लवकर लिही.

तुझ्या दोन ओळींसाठी आसुसलेली,
नीला

डोंबिवली
१६ जुलै १९५१

चि. सौ. नीलास,
अनेक आशीर्वाद.

जहागीरदारीणबाई, तुमचं पत्र शाळेत मधल्या सुट्टीत वाचलं आणि इतकी हसले की हेडबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. असो.

शाळेचे फायदे सासूबाईंना सांगायला जाऊ नकोस, तुझे यजमान सांगताहेतच. तुझी पहिली मंगळागौर येते आहे ना? ती त्या दिवाणखान्यात कर, आणि परवानगी त्यांच्याकडेच माग. मला रजा नाही, चाचण्या आहेत. माझ्या वाटणीची फुगडी तूच घाल. संगमरवरावर मात्र पडू नकोस, त्याला तडा जाईल.

लोभ आहेच, तो वाढतो आहे असं समज.
तुझी ताई

येऊर टेकडी
८ ऑगस्ट १९५१

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई गं, काय सांगू! मंगळागौर कालच झाली.

सासूबाईंनी परवानगी दिली, पण स्वतः वर जाळीआडच बसल्या. ठाण्याच्या बायकांना दिवेलागणीआधी परतायचं होतं, म्हणून खेळ दुपारीच. दिवाणखान्याची जमीन सागवानी, नाचासाठी मुद्दाम लवती केलेली. झिम्म्याला ती आम्हाला वर उडवायला लागली! वरून सासूबाईंचा आवाज: नीले, पाय चुकतोय. मग पुन्हा: अगं, गिरकी उलटी घे. मग आवाजच बंद. मी घाबरले. पाहते तर दारात सासूबाई, पदर खोचलेला! मला सरक म्हणाल्या, बायजाचे हात धरले आणि अशी फुगडी घातली की आम्ही सगळ्या भिंतीला चिकटलो.

नेमके तेव्हाच दौलतभावजी खाणीच्या कंत्राटदाराला घर दाखवायला घेऊन आले. सासूबाईंनी गिरकी न थांबवता फर्मावलं, दौलत, आधी बूट काढ. दोघांनीही मुकाट काढले!

मग त्या जमिनीवरच बसल्या. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इतकी वर्षं मला वर का बसवलं रे, असं कुणाला तरी विचारत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून स्वतःच म्हणाल्या, घर पडणार नाही; इथे मुली येतील, खाली, याच जमिनीवर. भावजी तोंड फिरवून निघून गेले. कंत्राटदार मात्र घुटमळला आणि माझ्या मुलीला घ्याल का, असं हळूच विचारून गेला.

मी तर नाचतच जिने चढते आहे. तूही हसलीस ना, तेवढं कळव.
तुझी नीला

येऊर टेकडी
२० ऑगस्ट १९५१

चि. सरोज यांस,
विमलाबाई जहागीरदार यांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी नीलेला न दाखवता लिहीत आहे. शाळा पुढच्या जूनमध्ये सुरू करावी असं ठरलं. दौलत अजून रुसलेला आहे, पण काल वर्गांच्या खिडक्या मोठ्या कराव्यात असं आपण होऊन सांगून गेला. पहिल्या बाई तुम्ही व्हावं, अशी माझी इच्छा आहे. गणित, इंग्रजी तुम्हाला येतंच, असं नीला सांगते.

फुगडी येते का, तेवढं मात्र उलट टपाली स्वतः कळवावं. मायेत अंतर नसावं.

विमलाबाई